डॉक्टरांची फटफटी आणि जिनातली आग

फटफटी हा शब्द मला मनापासून कधीच आवडला नाही. एखाद्याला दमा असला म्हणून आपण त्याला 'खोकला' अशी हाक मारत नाही. मोटरसायकलच्या बाबतीत मात्र सगळ्यांनी तेच केलं. गाडीचं जे दुखणं, तेच तिचं नाव ठेवलं.

दुखणं अशासाठी म्हणतो, की चालत्या इंजिनाचा ठोका वेगळा आणि रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून निघणारे फटाके वेगळे. ठोका हा इंजिनाचा श्वास. फटाके म्हणजे तक्रार. चाळीस वर्षं मी हिंगणघाटात, मोठ्या रस्त्यावर, टिनाच्या छपराखाली बसून ही तक्रार ऐकली. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये शिकलो होतो. लढाई संपली तसा पान्यांची एक पेटी घेऊन घरी आलो. पुढे लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या मोटरसायकली आमच्या भागात यायला लागल्या आणि माझ्या हाताला काम मिळालं. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. अख्ख्या गावात मोटरसायकली बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे कुठली गाडी कुठल्या वळणावर आहे हे मला दुकानात बसून नुसत्या आवाजावरून कळायचं.

फटाके का वाजतात, हे लोक मला नेहमी विचारत. मी त्यांना चुलीचं उदाहरण द्यायचो. ओल्या काडीची चूल नुसती धुमसते. घर धुराने भरतं, जाळ काही दिसत नाही. मग कोणी फुंकणीने वारा घातला की भक्कन पेटते. गाडीचं तसंच. उतारावर तुम्ही रेस सोडता, पण चाकं इंजिनाला फिरवतच असतात. इंजिन पेट्रोल ओढतं, पण इतकं थोडं की ते आत नीट पेटत नाही. तसंच कच्चं ते सायलेन्सरमध्ये जातं. नळी तापलेली असते. अशात नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरली, की ते कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्येच पेटतं. फट! पुन्हा कच्चं येतं, पुन्हा फट! कधी कार्बुरेटर घाणीने तुंबतो, कधी व्हॉल्व्ह जळतो. पण दहातल्या सात वेळा दोष त्या सांध्यातल्या पॅकिंगचा. इंजिनाला जिथे सायलेन्सरची नळी जोडलेली असते तिथे एक गोल कडी असते. ती जळली, की गाडी फटाके उडवायला लागते.

हा आवाज सगळ्यांनाच नको असायचा असंही नाही. शाळा तपासणारे डिप्टी साहेब मोटरसायकलवर फिरायचे. त्यांनी गाडी माझ्याकडे टाकली, त्या दुपारी दोन गुरुजी सायकलवरून घामाघूम होऊन दुकानात आले. इकडेतिकडे बघून एक जण हळूच म्हणाला, "मिस्तरी, थो आवाज तेवढा राहू द्या ना. साहेब दोन मैलांवर असले का आमाले समजते. पोरं हात धुऊन बसतात, नकाशा भिंतीवर लागते."

मी दोष ठेवून गाडी दिली नाही. ते दोघे पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता. तो अभिमान कसा उतरला, ते आता सांगतो.

बाजाराजवळ डॉक्टर वझलवारांचा दवाखाना होता. पन्नाशीचे, काटकुळे, कमी बोलणारे गृहस्थ. आसपासच्या पंधरा-वीस खेड्यांत बाळंतपण अडलं, कोणाला पान लागलं म्हणजे साप चावला, की हाक त्यांनाच यायची. त्यांची मोटरसायकल लष्करी, रंगाने अजून मातकट हिरवी. कापसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता तेव्हा तिचं पॅकिंग जळलं. नवीन कडी नागपूरहून यायची होती, आणि नागपूरचा दुकानदार रोज 'येऊन राह्यली' एवढंच कळवत होता.

डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, मी थांबेन. बाळंतीण थांबत नाही. काहीतरी करा."

मी केलं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला, त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, ठोकून कडी बनवली आणि बसवली. सांगितलं, "थोडी फटफट होईल, डॉक्टर. कडी आली की बदलतो." एवढंच सांगितलं. जे सांगितलं नाही, ते असं, की ही कडी आठ दिवसांच्या वर धरणार नाही. आणि ती सुटली तर सांध्यातून नुसता आवाज नाही, जाळही बाहेर येऊ शकतो. ग्राहकाला घाबरवायला नको, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे आपल्या हातचं काम कच्चं आहे हे तोंडाने सांगायला जड जात होतं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. हंगामाच्या गडबडीत मी डॉक्टरांना गाडी घेऊन बोलावलंच नाही.

एके दिवशी दुपारी डॉक्टर माझ्या दुकानावरून भरधाव गेले. पलीकडे एक जिन होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करायचा कारखाना. तिथे मशीनवर बसलेल्या एका बाईचा हात रुळात सापडला होता. जिनाच्या वळणावर डॉक्टरांनी रेस सोडली आणि चार फटाके वाजले. कोरडे, उघडे. मी हातातला पाना खाली ठेवला. माझी कडी सुटली होती, हे मला ऐकताक्षणी कळलं. येताना डॉक्टरांना थांबवायचं, असं ठरवलं.

ते परत आले ते एका दमणीच्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाडीच्या मागून. दमणीत ती बाई होती, हाताला मोठं पांढरं बांधलेलं. अशा वेळी गाडी थांबवून पॅकिंगची गोष्ट काय काढायची? मी त्यांना जाऊ दिलं.

त्यानंतर साधारण तासाभराने जिनावर धूर दिसला.

रुईला आग लागलेली ज्याने पाहिली नाही त्याला सांगून समजणार नाही. लाकूड जळतं, रुई पळते. ढिगाच्या एका कोपऱ्यावर जाळ दिसला, आणि आपण 'पाणी' म्हणेपर्यंत तो दुसऱ्या कोपऱ्यावर असतो. आम्ही सगळे धावलो. बाया हौदातून पाणी काढत होत्या, गडी ओली पोती घेऊन ढिगावर मारत होते. संध्याकाळपर्यंत आग विझली. माणूस कोणी दगावलं नाही. मोठा ढीग गेला, एका शेडचं छप्पर गेलं.

धूर खाली बसायच्या आतच जिनाचा जमादार अंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडायला लागला, "डॉक्टरच्या फटफटीनं आग फेकली! म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं! फटफट वाजली अन् जाळ निंगाला!"

ठाणेदार आले होते. त्यांनी लगेच दवाखान्यातून गाडी उचलून ठाण्यात आणली. डॉक्टरांनी काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाच्या अंगणात सगळ्यांसमोर गाडी सुरू करून बघायची, असं ठरलं. आणि ती सुरू करायला मला बोलावलं.

मी त्या सकाळी लवकरच ठाण्यात गेलो. हवालदार ओळखीचा. म्हणाला, "पाहून घ्या मिस्तरी, तुमच्याच हातची तं गाडी हाये. म्या चहा घेऊन येतो."

मी आणि ती गाडी, दोघेच ओसरीत. खाली वाकून पाहिलं. माझी कडी एका बाजूने फाटून बाहेर लोंबत होती आणि सांध्याभोवती काळा फराटा उमटला होता. खिशात पाना होता. कडी आत दाबून दोन नट अर्धा-अर्धा आटा आवळले असते, तर जाळ बाहेर येणं बंद झालं असतं. कोणाला कळलं नसतं. डॉक्टर सुटले असते, मीही सुटलो असतो. मी पाना लावला. एक नट अर्धा आटा आवळलाही.

मग माझ्याच्याने पुढे होईना. मी तो अर्धा आटा परत सैल केला, पाना खिशात घातला आणि हवालदार आला तेव्हा पायरीवर बसून राहिलो होतो.

जिनाच्या अंगणात बरीच गर्दी होती. जिनाचे मालक शेठजी खुर्चीवर बसले होते, शेजारी ठाणेदार. डॉक्टर एका बाजूला उभे. मी गाडी स्टँडवर लावली आणि सुरू करण्याआधी ठाणेदारांना म्हटलं, "साहेब, हा सांधा मी भरला आहे. कडी माझ्या हातची आहे आणि ती फाटली आहे. फटाके वाजतात ते यामुळे. डॉक्टरांना याची कल्पना नव्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ठाणेदार म्हणाले, "ठीक आहे. आधी चालू तर करा."

रुईचा पुंजका काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. मी गाडी चांगली तापवली, रेस दिली, सोडली. फट, फट, फट. गर्दी मागे सरली. पुंजका उडाला, काळा पडला, पेटला नाही. दहा वेळा केलं. पेटला नाही. मग पुंजका सांध्यापासून वीतभर लांब धरला. जाळाची एक निळी जीभ दिसली न दिसली. रुईला काही झालं नाही. मला थोडा धीर आला. तेवढ्यात जमादार पुढे आला, "जवळ धरा ना! चिपकवून धरा!"

पुंजका नळीला टेकवला. आधी तो पिवळा पडला, मग तांबूस, आणि मग त्याच्या कडेने एक लाल रेघ हळूहळू सरकायला लागली. जाळ नव्हता. नुसती धुमस.

ठाणेदार म्हणाले, "मतलब, लागू शकते."

जिनाच्या अंगणात रुईचे तंतू पावसाळी किड्यांसारखे उडत असतात. एखादा तंतू नळीला चिकटला असेल, धुमसत उडाला असेल, वीस पावलांवरच्या ढिगात पडला असेल. नाही कसं म्हणायचं? शेठजी जागचे उठले, आवाज न चढवता म्हणाले, "नुकसान तर झालंच, मिस्तरी. पण सच काय ते कळू दे." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

गाडी परत ठाण्यात गेली. दुकान उघडावंसं वाटेना. मी सरळ डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. ते एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते. तो गेल्यावर मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आठ दिवसांची कडी, जाळाची शक्यता, न सांगितलेलं, न बोलावलेलं. ठाण्यातला अर्धा आटाही सांगितला.

डॉक्टर हात धूत होते. पाठमोरे असतानाच म्हणाले, "तुम्ही सांगितलं असतं तरी मी गाडी नेलीच असती, मिस्तरी. पण सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला. "कशाची आग म्हून राह्यले जी तुमी?"

ती गिरजाबाई. जिनावर जिचा हात सापडला होता तीच. चाळिशीची असेल. डॉक्टरांना तिची दोन बोटं काढावी लागली होती आणि ती कालपासून तिथेच खाटेवर होती. जिनाला आग लागली एवढं तिने ऐकलं होतं. पण ती फटफटीने लागली म्हणून डॉक्टरांवर बालंट आलं आहे, हे तिच्या कानावर कोणी घातलंच नव्हतं. डॉक्टरांनी पडदा सारला आणि दोन वाक्यांत सांगितलं.

तिने मान आमच्याकडे वळवली. मग म्हणाली, "फटफटीनं नाई लागली थे."

"कशावरून?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापसात लोखंड होतं. म्या पाह्यलं. कापूस मशिनीत सारून राह्यली होती, तं काई चमकलं. काढाले गेली तं हातच ओढून घेतला माय. टरटर आवाज झाला, ठिनग्या उडाल्या. मंग मले काई समजलंच नाई."

माझ्या लगेच लक्षात आलं. रुळात लोखंड अडकलं, ठिणगी पडली, रुईत शिरली. रुईतली ठिणगी तास-तास दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहते. मशीनपुढे पडलेली रुई तर टोपलीत भरून त्याच ढिगावर नेतात.

डॉक्टर म्हणाले, "गिरजाबाई, हे काल का नाही सांगितलंत?"

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अन् सांगतलं असतं तं जमादार म्हनला असता, तुह्या हातून लोखंड गेलं, तूच आग लावली. बोटं तं गेले, कामही जाईन."

मी तिथून ठाण्याकडे धावणार होतो. डॉक्टरांनी माझा दंड धरला. ते तिला म्हणाले, "तुम्ही म्हणाल तरच आम्ही हे सांगू. नाही म्हणालात तर हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही. माझं मी बघून घेईन."

हे ऐकून मी हादरलो, हे कबूल करतो. माझी सुटका त्या बाईच्या एका शब्दावर टांगली होती, आणि डॉक्टर तिला 'नाही' म्हणायची मुभा देत होते. ती छताकडे बघत पडून होती. बाहेर एक बैलगाडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज लांब जाऊन विरला.

मग म्हणाली, "तुमची फटफटी ठान्यात राह्यली, तं खेड्यापाड्यातल्या बाया मरतीन. मले घेऊन चाला. मीच सांगीन."

तिला दमणीत बसवून आम्ही जिनात नेलं. ठाणेदार आले. ज्या मशीनवर तिचा हात गेला होता ते कालपासून बंद होतं. आगीनंतर तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. सगळे फटफटीभोवती गोळा झाले होते ना! मी मशीनची झाकणं काढली. रुळाचं कातडं एका जागी वीतभर फाटलं होतं, करवतीने कापल्यासारखं. खाली सरकीचा ढीग. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी सरकी उपसायला लागलो. पाऊण हात खाली गेल्यावर बोटांना गार काहीतरी लागलं.

बैलाच्या खुराला नालेसारखी ठोकतात ती लोखंडी पत्री. अर्धी तुटलेली, एक खिळा अजून तिच्यात. एक कड घासून आरशासारखी चकचकीत झालेली.

ठाणेदारांनी ती हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिली. शेजारच्या मशीनवरची एक बाई पुढे येऊन म्हणाली, "गिरजीच्या मशिनीपुढची रुईची टोपली म्याच ढिगावर नेलती, साहेब. आगीची आरडाओरड व्हाच्या आंदीच." आग कुठल्या कोपऱ्यावर दिसली आणि तिने टोपली कुठे ओतली, ते ठाणेदारांनी तिला चालत जाऊन दाखवायला लावलं. ती चालत गेली आणि जळक्या ढिगाच्या बरोबर त्याच टोकाला जाऊन उभी राहिली.

"बस," ठाणेदार म्हणाले. जमादाराने मान खाली घातली. कापूस गाडीतून उतरताना त्यातलं लोखंड, दगड निवडून घ्यायचं काम त्याच्या देखरेखीखाली होतं, हे तेव्हा सगळ्यांना आठवलं.

मी सरकीच्या ढिगावर बसलो तो बसलोच. इतकं हलकं मला लढाई संपल्याच्या बातमीनेही वाटलं नव्हतं. माझी कडी कच्ची होती, माझं तोंड त्याहून कच्चं होतं, पण ती आग माझी नव्हती. हेच मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि डोळे पुसत होतो. सरकीची धूळ गेली म्हणून.

शेठजी गिरजाबाईंसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "तू आता जिनवर बसायचं नाही."

डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

"गेटवर बसायचं," शेठजी म्हणाले. "गाडी उतरेल तेव्हा कापसातून लोहा काढायचा. तुझी नजर चांगली आहे." जमादाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात त्याला गोदामावर टाकल्याचं कळलं.

हवालदाराने गाडी आणली. डॉक्टरांनी किक मारली, थोडी रेस दिली आणि सवयीने सोडली. फट! एवढं सगळं होऊनही अख्खं अंगण दचकलं. ठाणेदारांची टोपी पडता पडता राहिली. आणि मग आधी बाया हसायला लागल्या, मग गडी, मग ठाणेदार. डॉक्टरांना मी त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं. ते हँडलवर ओणवे होऊन हसत होते.

नागपूरची कडी पुढल्या आठवड्यात आली. बसवताना मी डॉक्टरांना समोर उभं करून एकेक नट दाखवला. त्यानंतर कच्चं काम मी केलं नाही असं नाही. आमच्या धंद्यात ते करावंच लागतं. पण ते किती दिवस धरेल, आणि सुटलं तर काय होईल, हे गाडीवाल्याला दोनदा सांगितल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर सोडली नाही. काही जण वैतागून दुसऱ्या मिस्तरीकडे गेले. जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र अजून सलते. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा म्हणून माझं नाव होतं. त्या सकाळी मी गाडीला इतक्या वेळा फटाके वाजवायला लावले, आणि ज्या मशीनपासून सगळं सुरू झालं तिथल्या बाईला एक शब्द विचारावा, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

गिरजाबाई महिन्याभरात गेटवर बसायला लागल्या. एका दुपारी जिनातला गाडीवान माझ्या दुकानासमोर थांबला आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या हातात ठेवलं. "गिरजाबाईनं धाडलं. म्हने, मिस्तरीले देजो, त्याच्या कामाचं असन."

उघडून पाहिलं. पाच खिळे, साखळीचा एक दुवा, आणि कुठल्याशा गाडीतून निसटलेला एक बोल्ट. खिळे गंजलेले होते. बोल्ट चांगला होता. मी त्याला तेल लावून पेटीत ठेवला.